दिवे पळवणारा

पळवे हे त्याचं आडनाव नव्हे. खरं आडनाव कार्यालयातल्या कारकुनाला ठाऊक आहे, बाकी कुणाला त्याची गरज पडत नाही. आमच्या सभागृहात रंगमंचावरचे दिवे तो चालवायचा, आणि दिवा दिसला की तो पळवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून कुणीतरी पळवे म्हणायला सुरुवात केली. पुढे एका संस्थेच्या सेक्रेटरीने आभार मानताना माइकवरून 'प्रकाशयोजनाकार श्रीयुत पळवे' असा उल्लेख केला आणि नावावर शिक्कामोर्तब झालं. नवा रखवालदार मात्र सुरुवातीला त्याच्या पिशवीवर नजर ठेवून असायचा. दिवे पळवतो म्हणजे नक्की काय करतो, हे त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

तुम्हाला सांगतो. रंगमंचाच्या वर आडव्या दांडीला दिवे रांगेने टांगलेले असतात. कंट्रोलर नावाच्या यंत्रावर प्रत्येक दिव्याची एक सरकपट्टी. वर ढकलली की दिवा उजळतो, खाली ओढली की मंदावतो. आता समजा, पहिला दिवा लावला आणि ते चित्र यंत्राच्या डोक्यात भरलं. मग पहिला विझवून दुसरा लावला, तेही भरलं. मग तिसरा. अशी चित्रं ओळीने भरून बटण दाबलं की यंत्र ती एकामागून एक दाखवत सुटतं, आणि बघणाऱ्याला वाटतं दिवाच पळतोय. याला चेस म्हणतात आणि त्यातल्या एकेका चित्राला स्टेप. किती जोरात पळायचं याची एक पट्टी असते. एका स्टेपमधून दुसरीत टुणकन उडी मारायची की हळूहळू विरघळत जायचं, याची दुसरी. या दुसरीला फेड म्हणतात. तिला त्या काळात पळवेने कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. "विरघळायला ती काय साखर आहे?" असं तो विचारायचा.

हे सगळं मला माहीत असायचं कारण म्हणजे मी त्याच्या शेजारी बसायचो. मी आवाजवाला. प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीत, उंचावर, काचेमागे एक खोली आहे. तिला कंट्रोल रूम म्हणतात. कंट्रोल तिथे कुणाचाच नसतो. एक लांब टेबल, त्याच्या एका टोकाला माझा मिक्सर, दुसऱ्या टोकाला त्याचा कंट्रोलर, मधे चहाच्या कपांची वर्तुळं. आमच्या दोघांच्या नशिबात एक फरक आहे आणि तो मला आयुष्यभर डाचत आलाय. आवाज चुकला, जरा शिट्टी वाजली, की सगळं सभागृह मान वळवून माझ्याकडे बघतं. दिवा चुकला की लोक म्हणतात, काहीतरी कलात्मक दिसतंय.

या कलेने पळवे शेफारला होता. बक्षीस समारंभ असो, कंपनीची वार्षिक सभा असो, बालवाडीच्या मुलांचं गाणं असो, याचे दिवे पळालेच पाहिजेत. एकदा एक पाहुणे 'साधेपणा' या विषयावर तळमळीने बोलत होते आणि त्यांच्या टकलावरून लाल, हिरवा, पिवळा अशी वरात चालली होती. पाहुणे अधूनमधून हात वर करून काहीतरी झटकत होते. त्यांना बहुधा किडा वाटला असावा. खाली उतरल्यावर ते व्यवस्थापकांना म्हणाले की एवढा भव्य साधेपणा त्यांनी कुठे पाहिला नव्हता.

"थांबलेला दिवा म्हणजे खुर्चीत झोपलेला कारकून," असं पळवेचं तत्त्वज्ञान होतं. "उजेड तर काय, खिडकी उघडली तरी येतो. मी कशाला हवा मग?"

यावर मी उत्तर दिलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. बोलताना तो स्वतःसुद्धा एका जागी थांबत नसे. खुर्चीतून उठ, काचेपाशी जा, परत ये, पट्टी ढकल, पुन्हा उठ. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सभागृहाच्या तिकीट खिडकीत बसतात. त्या म्हणतात, "यांच्याशी भांडायची सोय नाही हो. भांडायला माणूस एका मुद्द्यावर उभा तरी राहायला हवा."

शोकसभेचं प्रकरण सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. गावातले एक बडे व्यापारी वारले होते. दुःखद प्रसंग, तेव्हा साधा पांढरा उजेड ठेव, असं व्यवस्थापकांनी त्याला बजावून सांगितलं होतं. पळवेने मान डोलावली आणि खास दुःखासाठी एक चेस बसवला: गडद निळा, जांभळा, फिका निळा. तोही पळणारा नाही, नुसता चालणारा. एवढी सवलत त्याने मयताला दिली होती. पण कंट्रोलरवर आणखी एक बटण असतं. ते दाबलेलं असलं की यंत्र स्वतःच्या कानाने ऐकतं आणि आवाज झाला की पुढची स्टेप टाकतं. आदल्या दिवशी नाचाची स्पर्धा होती, तेव्हा हे बटण दाबलेलं होतं. ते तसंच राहिलं.

पहिले वक्ते उभे राहिले. "ते" म्हणाले, रंगमंच निळा. "आज" म्हणाले, जांभळा. "आपल्यात", फिका निळा. "नाहीत", पुन्हा गडद निळा. वक्त्यांना वाटलं, आपल्या बोलण्यातच जादू आहे. ते जोशात आले. जितके जोशात आले तितके दिवे उड्या मारायला लागले. मग सगळे स्तब्धतेसाठी उभे राहिले आणि दिवेही शहाण्यासारखे थांबले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. जांभळा. थोरल्या सुनेला हुंदका आला. फिका निळा. एका गृहस्थांना शिंक आवरेना, त्यांनी नाक दाबलं, तोंड दाबलं, आणि शेवटी जी काही शिंक आली तिने यंत्र दोन स्टेप पुढे गेलं.

व्यवस्थापक जिना चढून धापा टाकत वर आले. "काय चाललंय हे?"

"साहेब," पळवे शांतपणे म्हणाला, "लोक गप्प तर दिवे गप्प. लोकांना गप्प बसवत नाही, त्याला मी काय करणार?"

त्याची नोकरी त्या दिवशी जायचीच. पण निघताना मयताचे थोरले चिरंजीव वर आले, डोळे पुसले आणि त्याचा फोन नंबर मागितला. नव्या दुकानाच्या उद्घाटनाला हे अस्संच पाहिजे, म्हणाले. त्यानंतर व्यवस्थापकांनी त्याला बोलायचं सोडून दिलं.

दिव्यांवरून त्याला माफ केलं नव्हतं ते एकाच माणसाने, आणि ती त्याची मुलगी. घरात ती बापावर जीव टाकायची. रंगमंचाचा विषय निघाला की तोंडाला कुलूप.

त्याला कारण होतं. शाळेत असताना आमच्याच सभागृहात तिने एक लांबलचक कविता म्हटली होती. महिनाभर पाठांतर चालू होतं. बापाने लेकीच्या प्रेमापोटी त्या दिवशी होते नव्हते तेवढे सगळे दिवे पळवले. परिणाम असा झाला की दर दुसऱ्या शब्दाला पोरीचा चेहरा अंधारात. टाळ्या कडाडून पडल्या, पण लोक माना वर करून दांडीकडे बघत टाळ्या वाजवत होते. ती खाली उतरली ती थेट आईच्या खिडकीत जाऊन बसली. पळवे मात्र वर काचेमागे टाळ्या मोजत होता. "बघितलंस? लेकीसाठी!" असं मला म्हणाला. मुलगी का रडते आहे हे त्याला घरी गेल्यावर कळलं, आणि कळलं तरी पटलं नाही.

मोठी होऊन ती नाटकातच गेली. दुसऱ्या सभागृहांत कामं करायची. पळवे तिच्या प्रत्येक नाटकाला तिकीट काढून मागच्या रांगेत बसायचा आणि मध्यंतरात ओळख ना पाळख अशा माणसांना सांगायचा की इथला दिवेवाला झोपलाय. मुलीने दिव्यांसाठी त्याला कधी बोलावलं नाही. तो कधी 'मला बोलाव' म्हणाला नाही. पण माझ्यापाशी दर नाटकानंतर तेच गाऱ्हाणं: "परक्यांचे दिवे चालतात. बापाचा चालत नाही."

मग तिने स्वतःच एक नाटक लिहिलं. एकटीनेच करायचं. एक बाई रिकाम्या झालेल्या घरात सामानाच्या खोक्यावर बसलेली आहे. घर विकलंय. सामान न्यायला गाडी यायची आहे, ती दुपारची अजून येतेय. गाडीची वाट बघत ती बोलते, घरातल्या एकेका वस्तूबद्दल, आणि शेवटी उठून निघून जाते. बस्स, एवढंच नाटक. एका मोठ्या फिरत्या नाटकमंडळीच्या संचालिका बाई पहिला प्रयोग बघायला येणार होत्या. त्यांना आवडलं तर नाटक त्यांच्या दौऱ्यात घेणार, म्हणजे गावोगावी प्रयोग. नाही आवडलं तर नाटक कागदावर. बाईंना जमणारी तारीख होती त्या दिवशी मोकळं होतं फक्त आमचं सभागृह. आणि आमच्या सभागृहाचा नियम असा की कंट्रोलरला बाहेरच्या माणसाचा हात लागता कामा नये.

पोरगी जिना चढून वर आली. मला म्हणाली, "काका, तुम्हीही ऐका. साक्षीदार म्हणून." मग बापाकडे वळली.

"बाबा, एकच दिवा. उजवीकडचा, वरचा. मी खोक्यावर बसले की लावायचा. मी उठून गेले की बंद करायचा. मधे काही नाही."

"काही म्हणजे?"

"काही म्हणजे काही."

"अख्खं नाटकभर?"

"अख्खं नाटकभर."

"लोक झोपतील गं."

"झोपू देत. माझ्या शब्दांनी नाही जागे राहिले तर माझं नशीब." मग तिचा आवाज बारीक झाला. "पण बाबा, दिवा पळाला ना, तर मी खोक्यावरून उठून लोकांची माफी मागेन आणि घरी यायची नाही. नाटकाबद्दल नाही म्हणत मी. घराबद्दल म्हणतेय."

पळवे तेव्हा चक्क एका जागी उभा होता. "शब्द दिला," म्हणाला.

तालमीला तो रोज खाली जाऊन बसू लागला. त्याने आयुष्यात शेकडो नाटकांना दिवे दिले, पण नाटक ऐकलं होतं असं मला वाटत नाही. तो ठेका ऐकायचा. कुठे ढमकन वाजतं, कुठे टाळी पडते, तेवढंच. इथे ठेकाच नव्हता, मग बिचारा शब्द ऐकायला लागला. रंगमंचावर त्याची लेक बोलायची, आणि वर उजवीकडचा एकुलता एक दिवा खांबासारखा उभा. चौथ्या की पाचव्या तालमीनंतर वर आला तो कपाळाला आठ्या घालून.

"ती बसते तेव्हा दुपार असते," तो म्हणाला.

"बरं."

"उठते तेव्हा दिवेलागण झालेली असते. तीच म्हणते तसं. भिंतीवरचं ऊन उतरलं म्हणते."

"मग?"

"मग काही नाही. दिवा दुपारीच उभा आहे."

"तिला सांग ना."

"मी दिव्याबद्दल तोंड उघडलं तर ती ऐकेल?" त्याने विचारलं. कुत्र्याने भाकरीची राखण करतो म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल?

प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी माइक तपासायला गेलो तर पळवे शिडीवर. डावीकडचे दिवे वळवत होता. विचारलं तर म्हणे धूळ पुसतोय. नंतर वर खोलीत त्याने कंट्रोलरच्या आकड्यांवर स्वतःची टोपी उपडी घातली आणि टोपीखाली हात घालून काहीतरी खुडबुड करत बसला. मी तीन दशकं त्याच्या शेजारी काढलीत. टोपीखाली काय चाललंय हे मला न बघता कळत होतं. माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर ज्याची खोड काढत आलो त्याच्यावर मी प्रथमच खरा संतापलो होतो, कारण ती पोर माझ्याही डोळ्यांदेखत वाढलेली.

"तू चेस भरतोयस," मी म्हणालो.

"तुझ्या मिक्सरकडे बघ."

"अरे, शब्द दिलायस पोरीला! मी साक्षीदार आहे!"

"साक्षीदाराने कोर्टात बोलावं," तो म्हणाला, आणि टोपी घट्ट दाबून बसला.

प्रयोग सुरू झाला. प्रेक्षागृह अर्धंअधिक भरलेलं होतं, संचालिका बाई मधल्या रांगेत. मुलगी येऊन खोक्यावर बसली. उजवीकडचा दिवा लागला. पळवेने टोपी उचलून डोक्यावर घातली आणि एक बटण दाबलं. चेसचं बटण. त्याच्या शेजारचा लाल ठिपका लुकलुकायला लागला.

मी डोळे मिटून घेतले. आता लाल, आता हिरवा, आता पोरगी उठणार, माफी मागणार. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर दिवा जिथल्या तिथे. पोरगी बोलतेय. कंट्रोलरवर पहिल्या स्टेपचा आकडा आणि तो ठिपका, लुकलुक, लुकलुक. सगळे दिवे एकदम विझवायचं बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं. आवाजवाल्याने दिव्याच्या यंत्राला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, पण त्या दिवशी मी तोही घालायला तयार होतो. बोट बटणावर नेऊन ठेवलं. पळवे कुजबुजला, "दाबलंस तर ती अंधारात बसेल. थांब जरा."

"शब्दाचं काय?"

"शब्द दिलाय म्हणून तर हळू चाललोय."

पट्ट्यांकडे माझं लक्ष तेव्हा गेलं. वेगाची पट्टी पार तळाला होती आणि फेडची पट्टी, जिला त्याने जन्मात हात लावला नव्हता, ती थेट वरच्या टोकाला. आकडा बदलला. दुसरी स्टेप लागली. मी झटकन रंगमंचाकडे बघितलं आणि शपथेवर सांगतो, मला काहीही दिसलं नाही. मी पोरीचं ऐकू लागलो. ती स्वयंपाकघरातल्या फळीबद्दल बोलत होती, ती फळी तिच्या वडिलांनी तिरकी ठोकली होती आणि त्यावरचे डबे कायम एका बाजूला घसरायचे. लोक हसले. मीही हसलो. मग ती हसायची थांबली आणि फळी भिंतीतच राहणार आहे, म्हणाली. आणि मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की खोक्याची सावली आता दुसरीकडे पडलीय. उजेड डावीकडून, तिरपा येत होता, हळदीच्या रंगाचा, आणि तिचा अर्धा चेहरा संध्याकाळी आपल्या घरात माणसांचे होतात तसा झाला होता. कधी झाला? मी टक लावून बघत होतो, तरी मला कळलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच मिक्सरवर वाकलो.

पळवे दोन्ही हात काखेत दाबून बसला होता, चुकून कुठे लागू नयेत म्हणून. कपाळावरून घाम गळत होता. कारण चेसला शेवट ठाऊक नसतो. शेवटची स्टेप झाली की तो बिनदिक्कत पुन्हा पहिलीवर येतो. आणि त्या दिवशी पोरगी रंगात आली होती, तालमीपेक्षा जास्त थांबत थांबत बोलत होती. शेवटची स्टेप लागली तरी ती खोक्यावरच. आणखी थोडा वेळ, की रिकाम्या घरात दिवेलागणीला पुन्हा टळटळीत दुपार होणार. पळवेने काखेतून एक हात काढला, बटणावर नेला आणि चेस थांबवला. उजेड होता तिथे स्थिर झाला. पोरगी उठली, निघून गेली, आणि त्याने दिवा हळू, अगदी हळू खाली आणला. लोकांना टाळ्या वाजवायचं सुचायला वेळ लागला. मग मात्र थांबेनात.

पोरगी धावत वर आली. मागोमाग संचालिका बाई, जिना चढल्याने दमलेल्या. नाटक दौऱ्यात घेतलं होतं. पोरीने बापाच्या गळ्यात हात टाकले. "बाबा! तुम्ही काहीच केलं नाहीत! खरंच काही केलं नाहीत!" तिला हसू आणि रडू एकदम येत होतं. "माझा विश्वास नव्हता हो."

"एकच दिवा, आणि तोही न हलवता," बाई म्हणाल्या. "फार मोठा संयम लागतो त्याला."

मी तोंड उघडलं. पळवेचा पाय टेबलाखालून माझ्या पायावर पडला, तो चांगला सगळं वजन टाकून.

"तूच सांगितलं होतंस ना," तो मुलीला म्हणाला. "मग झालं तर."

नाटक दौऱ्यावर गेलं. गावोगावी तिथले तिथले दिवेवाले, आणि पोरीची सूचना सगळ्यांना एकच: एक दिवा, उजवीकडचा, हलवायचा नाही. काही दिवसांनी सकाळी आम्ही खोलीत वायरी गुंडाळत असताना तिचा फोन आला. पळवेने फोन कानाला लावला. तिचा रडवेला आवाज इतका चढला होता की मलाही ऐकू येत होता. नाटक पडत होतं. लोक चुळबुळ करत होते, मधेच उठून जात होते. बाई म्हणत होत्या, अजून एक-दोन प्रयोग बघू, नाहीतर बंद करू. "काय चुकतंय तेच कळत नाही बाबा. शब्द तेच, खोकं तेच, दिवा तोच. माझंच काहीतरी संपलंय बहुतेक."

त्याने फोन ठेवला. मी म्हणालो, "आता तरी सांग तिला."

"काय सांगू? शब्द मोडला म्हणून?"

"चांगल्यासाठीच मोडलास ना?"

"शाळेतसुद्धा चांगल्यासाठीच केलं होतं," तो म्हणाला. "आणि तिला काय वाटेल? एवढी वाहवा झाली ती तिची नव्हतीच, बापाची होती? नाही रे. शब्द तिचेच आहेत. फक्त त्यांना संध्याकाळ लागते."

हे वाक्य बोलणारा माणूस तोच होता, ज्याने 'शांतता राखा'च्या पाटीलाही कधीकाळी पळणारे रंगीत बल्ब लावले असते.

दुपारी त्याने रजेचा अर्ज दिला, शिल्लक होती नव्हती तेवढी सगळी रजा. मुलीला फोन करून सांगितलं की तिकडच्या लोकांचा दिव्याचा कोन चुकत असेल, मी येऊन नुसता लावून देतो, तेवढंच माझं फिरणं होईल. एका दिव्यासाठी तुम्ही कशाला, असं ती म्हणालीच. तो म्हणाला, घरी बसून कंटाळा येतो. वहिनींना त्याने खरं सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. खिडकीतून त्या एवढंच म्हणाल्या, "जा हो जा. इथे राहून तरी काय मोठे दिवे लावणार आहात?" आणि त्याच्या पिशवीत त्याचा स्वेटर कोंबला.

नाटक सावरलं. नुसतं सावरलं नाही, धो धो चालू लागलं. रजा संपली तेव्हा पळवेने नोकरीच सोडली. सभागृहात सगळे म्हणाले, म्हातारपणी मऊ झाला, पोरीच्या मागे मागे फिरतो. त्याच्या जागी आलेला दिवेवाला शिस्तीचा आहे, सांगितलं तेवढंच करतो. शोकसभा अगदी पांढऱ्या होतात.

परवा मी मुद्दाम रजा काढून, तिकीट काढून, परगावी तो प्रयोग बघायला गेलो. प्रेक्षकांत बसलो. काय होणार हे मला ठाऊक होतं, कधी होणार तेही ठाऊक होतं, तरी या वेळीही मला तो क्षण सापडला नाही. पडदा पडल्यावर पोरीने एकेकाची ओळख करून दिली. शेवटी म्हणाली, "आणि वर काचेमागे माझे बाबा आहेत. ते एक दिवा लावतात आणि गप्प बसतात. त्यांचा स्वभाव बघता हे फार अवघड काम आहे, तेव्हा जोरात टाळ्या!"

लोक हसले, टाळ्या वाजवल्या, सगळं सभागृह मान वळवून मागे बघू लागलं. काचेमागे पळवे उभा राहिला, हात जोडले आणि खाली बसला.

माझ्या शेजारच्या बाईंनी पर्स बंद केली. "बघितलंत?" त्या मला म्हणाल्या. "एक दिवा लावायला स्वतःच्या बापाला आणून बसवलंय. सगळीकडे मेला वशिला."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी ते गिळलं.

"हो ना," मी म्हणालो.